आवाज कामावर, मी घरी

ती. अक्कास,

सादर नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि सूनबाईंचा स्वभाव, तिन्ही आता उताराला लागले असतील अशी आशा आहे. (तिसऱ्याबद्दल फारशी नाही.) आमच्याकडे सर्व क्षेमाच्या आसपास आहे. तू फोन करतेस आणि मी घेत नाही म्हणून रागावली आहेस, असं ह्यांनी सांगितलं. अक्का, घेऊन करू काय? माझ्या घशातून सध्या नुसता वारा येतो, पंक्चर झालेल्या चाकातून यावा तसा. मागे एकदा घेतला होता, तेव्हा तू "कोण मेला नुसता श्वास सोडतोय?" म्हणून पोलिसांत देण्याची धमकी दिलीस. तो मेला म्हणजे मीच. म्हणून आता सविस्तर लिहिते.

गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर स्वतःच तसं म्हणाले. गाठ निघाली, पण तिच्या शेजारून जाणारी आवाजाची नस दुखावली, हे त्यांनी दुकानदार सुटे नाहीत म्हणून सांगतो तितक्या सहज सांगून टाकलं. आवाज परत येईल का, असं मी कागदावर लिहून विचारलं, तर म्हणाले, आशा ठेवायला हरकत नाही. आता तूच सांग, जिने उभी हयात बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून घोषणा दिल्या, तिने नुसती आशा ठेवून गाड्या कशा सोडायच्या? आमचे स्थानकप्रमुख (यांना आम्ही पाठीमागे ‘भोंगा’ म्हणतो, कारण वाजतात फार आणि जागचे हलत नाहीत) घरी भेटायला आले, माझा हात हातात घेऊन गहिवरले आणि त्याच हातात राजीनाम्याचा मजकूर ठेवून गेले. प्रकृतीच्या कारणाने नोकरी सोडते एवढं लिहून द्या, अपंगत्व भत्ता आपोआप सुरू होतो, म्हणाले. मी सही केली. अक्का, ‘आपोआप’ हा शब्द ज्याने काढला त्या माणसाला मला एकदा भेटायचंय.

भत्त्याच्या कचेरीचा नियम असा की पहिली मुलाखत फोनवर. सगळ्यांचीच. बोलता येत नाही म्हणून अर्ज केलेल्यांचीसुद्धा. फोन आला, मी फुसफुसले, समोरच्या बाईंनी तीनदा नाव विचारलं आणि ‘अर्जदाराने बोलण्यास सहकार्य केले नाही’ असा शेरा मारून अर्ज बंद केला. मग आम्ही समक्ष गेलो. माझ्या वतीने बोलायला हे. (लग्न झाल्यापासून ह्यांना बोलायची संधी मिळाली नाही असं हे चारचौघांत सांगत असतात. ती मिळाली, आणि ह्यांनी तिचं काय केलं ते वाच.) साहेब प्रश्न विचारायचे, मी पानभर लिहून काढायची, त्रास काय, कधीपासून, औषध कोणतं, सगळं, आणि हे ते पान नाकाशी धरून शांतपणे वाचायचे आणि साहेबांना सांगायचे, "बरं नाही म्हणते."

तरीही गाडी रुळावर येत होती. तेवढ्यात साहेबांनी माझ्या नोकरीचं ठिकाण वाचलं आणि चष्मा काढला. "अहो, मी रोज त्याच स्थानकावर उतरतो. आज सकाळीच ऐकलं की तुम्हाला! काय खणखणीत आवाज लावला होतात."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. झालं होतं असं, की ऑपरेशनच्या आधी भोंग्याने माझ्याकडून सगळ्या घोषणा मशीनवर भरून घेतल्या होत्या. रजेच्या दिवसांपुरत्या, म्हणाला. रजा संपली, नोकरी संपली, आवाज मात्र अजून कामावर जातोय. त्याला पगार नको, चहा नको, खुर्ची नको. माझ्या जागी दुसरं माणूस कशाला ठेवतील? मी हे सगळं लिहून दिलं. साहेब म्हणाले, खात्री करावी लागेल.

दुसऱ्या दिवशी स्थानकावर माझी तपासणी झाली. साहेब माझ्यासमोर उभे राहून, दूध उतू जाईल की काय अशा नजरेने माझ्या ओठांकडे बघत होते. आणि वरून आवाज आला. फलाट तीनवरची गाडी थोड्याच वेळात सुटेल, प्रवाशांनी घाई करू नये. अक्का, ऑपरेशननंतर मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. एवढा गोड होता हे मला कुणी कधी सांगितलंच नाही. तिथे वर खांबावर बसून छान धडधाकट बोलत होता, आणि खाली माझी त्याला ओळखसुद्धा नव्हती. माझे डोळे भरून आले. एक म्हातारी पिशवी सांभाळत आली आणि मलाच विचारू लागली, ही घोषणावाली बाई कुठे बसते? मी छातीवर हात ठेवून मान हलवली. तर म्हणते कशी, "तुला नाही गं बाई, तिला विचारायचंय."

साहेब विचारात पडले. "तोंड बंद आहे, हे खरं. पण आवाज तुमचाच ना?" मी मान डोलावली. "म्हणजे काही अंशी तुम्ही सेवेत आहात."

आणि अक्का, इथे हे बोलले. कागद न वाचता, स्वतःच्या मनाने. "साहेब, तुमचा फोटो कचेरीत टांगला आणि तुम्ही घरी झोपून राहिलात, तर हजेरी लागते का? लागत असेल तर हिला देऊ नका भत्ता." आजूबाजूचे हसले, साहेब कानापर्यंत लाल झाले, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्याकडे नीट पाहिलं. शेवटी तोड निघाली. तूर्त अर्धा भत्ता, आणि आवाज मशीनवरचा आहे असं स्थानकप्रमुखांनी लिहून दिलं की पूर्ण.

तर सगळं असं मार्गी लागलंय. तू जिवाला लावून घेऊ नकोस. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना पापा, सूनबाईंना यातलं तुला झेपेल ते.

तुझी (सध्या ऐकून घेणारी)
धाकटी

ता. क. भोंगा पत्र द्यायला तयार आहे, पण फुकट नाही. स्थानकात फलाटांचे नंबर बदललेत आणि माझा आवाज माणसांना भलत्याच गाडीत बसवतोय. नव्या घोषणा त्याच आवाजात भरून दिल्या तर सही करीन म्हणतो. आपल्या दोघींचा आवाज माझ्या सासूबाईंनासुद्धा फोनवर कधी वेगळा कळला नाही. तेव्हा चार दिवस येऊन जा. काचेच्या खोलीत बसून वाचायचं, एवढंच. स्थानकावर साहेब दिसले तर मात्र ब्र काढू नकोस.

ता. ता. क. हे म्हणतात, ही शुद्ध लबाडी आहे. मला ह्यावर बरंच म्हणायचं होतं. ऑपरेशनपासूनचं तुंबलेलं सगळं लिहून ठेवलंय. घोषणा झाल्या की तेवढं ह्यांना वाचून दाखव. जरा वरच्या पट्टीत. परवा स्वतःच म्हणत होते, घर फार शांत झालंय.