बिळाचं दुसरं तोंड

बसवनगुडी, बेंगळुरू
६ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप काकांस,
यशश्रीचा सा. न. वि. वि.

दिवाळी करून तुमच्याकडून सुखरूप पोचले. प्रेमाकाकूंच्या ज्वारीच्या पिठाची भाकरी मी घरमालकीणबाईंना दिली. त्यांनी कौतुक केलं, आणि लगेच रागीची कशी याहून मऊ होते ते अर्धा तास सांगितलं.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून लिहितेच. मला तुमच्यावर माहितीपट करायचा आहे. लांडग्यांवरचे पुष्कळ झाले. मला त्यांना राखणारा शेतकरी दाखवायचा आहे. विणीच्या दिवसांत तुम्ही धनगरांना ओढ्यापलीकडच्या रानात मेंढ्या बसवायला लावता, बदल्यात कडबा आणि ज्वारी देता, कुणाची मेंढी लांडग्याने नेलीच तर आपल्या कळपातली काढून देता. हे इथे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

इंदिरानगरमधली एक संस्था दर वर्षी चार माहितीपटांना मदत करते. अर्ज पंधरा डिसेंबरपर्यंत द्यायचा आहे आणि त्यासोबत तुमची लेखी संमती लागते. आयटी सोडून दोन वर्षं झाली, अजून लोकांच्या लग्नांचंच चित्रीकरण करते आहे. हेही जमलं नाही तर जूनमध्ये परत नोकरी धरीन, असं बाबांना कबूल केलंय. तेव्हा नाही म्हणू नका. म्हणालात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
यशश्री


हिवरटाकळी, जि. सोलापूर
१४ नोव्हेंबर २०२४

चि. यशश्रीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी काकू आत्तापासून विचारते आहे की चित्रीकरणाला किती माणसं जेवायला असतील. मला धोतर नेसवण्याचा बेत असेल तर सोडून दे. मी पँट घालतो.

संमती देतो. अट एकच. गोष्ट मी सांगतो तिथून सुरू व्हायला हवी.

जानेवारी १९८१. लांडग्याने आपल्या तीन मेंढ्या नेल्या होत्या. ओढ्याच्या काठाला लांडगीचं बीळ सापडलं. त्याला दोन तोंडं होती. एक दगडांनी बुजवलं आणि दुसऱ्यात पेटता कडबा घातला. पिल्लं आत होती. हे मी केलं. गावाने मला फेटा बांधला, पारावर नारळ फोडला.

त्यानंतर लांडगी अठरा दिवस येत होती. आगीने ढासळलेलं तोंड सोडून रोज सकाळी ऊन पडेपर्यंत बुजवलेलं तोंड उकरायची. मी बांधावर उभा असायचो. तिने मला पाहिलं होतं. पळाली नाही, अंगावरही आली नाही, उकरत राहिली. एकोणिसाव्या दिवशी आली नाही.

लोक म्हणतात, पद्माकररावांना लांडग्यांची माया. तसं काही नाही, पोरी. त्या अठरा दिवसांशिवाय मला दाखवलंस तर ते खोटं होईल.

घरात सगळ्यांना आशीर्वाद सांग. म्हाताऱ्याची आठवण ठेव.

तुझा काका,
पद्माकर

ता. क. हे पत्र तुझ्यापुरतं ठेव. घरी वाचून दाखवू नकोस. तुझ्या बाबाला, सूर्यकांतला, मी वेगळं लिहिणार आहे.


बसवनगुडी, बेंगळुरू
२५ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

माझ्या हातून चूक झाली. तुमचं पत्र न फोडता रविवारी राजाजीनगरला आईबाबांकडे न्यायचं आणि जेवणानंतर मोठ्याने वाचायचं, हा आमचा शिरस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. काल तसंच केलं. ताजा कलमापर्यंत मी पोचले तेव्हा सगळं वाचून झालेलं होतं.

मध्येच बाबांचा चेहरा पाहून आईने बरं वाटत नाही का विचारलं. ते म्हणाले, सरी, सरी, ठीक आहे, वाच पुढे. अठरा दिवसांपाशी ताक तसंच ठेवून उठले आणि गच्चीवर गेले. संध्याकाळी मी निघाले तरी खाली आले नव्हते. तुमच्याबद्दल वाईट वाटलं असेल असं मी धरून चालले आहे.

दुसरं म्हणजे, संस्थेच्या वसुमतीअक्कांना मी आज तुमची अट सांगितली. त्यांचं म्हणणं, पहिल्याच मिनिटाला पिल्लं मारणारा माणूस दिसला तर प्रेक्षक त्याला शेवटपर्यंत माफ करणार नाही. ही गोष्ट मध्ये कुठेतरी दोन वाक्यांत येऊ द्या. काका, मध्ये घातली तर चालेल का? मला विचारायची लाज वाटते आहे, पण विचारते.

रागावलात तर स्पष्ट लिहा. माया मात्र तशीच असू द्या.

यशश्री


राजाजीनगर, बेंगळुरू
२ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप दादास,
सूर्यकांतचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. वीणाचे गुडघे थंडीत दुखतात, एवढंच.

यशश्रीला मी सगळं सांगितलं. तू फक्त दगड लावलेस. कडबा मी पेटवला, आत मी सारला. तू म्हणत होतास, उद्या पाहू. मला दोन दिवसांनी इथे कारखान्यात रुजू व्हायचं होतं आणि जायच्या आधी काहीतरी करून दाखवायचं होतं. फेटा बांधताना तू माझं नाव घेतलं नाहीस. मला ते बरंच वाटलं होतं.

लांडगी परत येत होती हे तू मला त्रेचाळीस वर्षांत कळवलं नाहीस. मी पेटवून गाडीत बसलो आणि पाहत तू राहिलास. का नाही लिहिलंस रे? मी निवृत्त होईपर्यंत यंत्रांच्या चुका शोधायचं काम केलं, आणि हे एकदाही विचारलं नाही.

यशश्री दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन वसुमतीबाईंना लिहिलेलं पत्र तिने मला दाखवलं. सुरुवात तिथूनच होईल, नाहीतर अर्ज मागे घेते, असं त्यात आहे. नोकरीचं मी काढलं नाही, तिनेही नाही.

कॅमेऱ्यासमोर तू ‘मी’ म्हणायचं नाहीस. मी येतो. माझ्या तोंडाने सांगतो.

एक विचारतो. पिल्लं किती होती? मी वाकून पाहिलं नव्हतं.

वहिनींना नमस्कार. धाकट्याला दूर करू नकोस.

तुझा,
सूर्यकांत


हिवरटाकळी
११ डिसेंबर २०२४

चि. सूर्यकांतास,
आशीर्वाद.

तुझी पहिली पत्रं आली तेव्हा तू खानावळीतला भात जात नाही म्हणून रडकुंडीला आला होतास. त्या पत्रांना उत्तर म्हणून हे काय लिहिणार होतो? मग तुझं लग्न झालं, यशश्री झाली. दर वेळी पुढच्या पत्रात लिहू म्हणून राहिलं.

दगड मीच लावले, हे विसरू नकोस. नुसता धूर असता तर लांडगीला पिल्लं दुसऱ्या तोंडाने काढता आली असती. दोघांचं आहे ते. दोघांनी बसून सांगू. संस्थेला चालत नसेल तर यशश्रीने स्वतःचा कॅमेरा घेऊन यावं. काकू जेवायला घालील. संमतीचा कागद सही करून सोबत ठेवला आहे, पंधराच्या आत पोचावा म्हणून स्पीड पोस्टने धाडतो.

फेब्रुवारी सरल्यावर या. सध्या लांडगी विणीला आली आहे, तिकडे कुणालाच फिरकू देत नाही. तुलाही देणार नाही.

लांडगी यायची थांबली तेव्हा मी दगड काढून आत हात घातला होता. पाच होती. एकाचेही डोळे उघडलेले नव्हते. प्रेमालासुद्धा सांगितलेलं नाही. कॅमेऱ्यासमोर आकडा तू सांग. तो माझ्याने सांगवणार नाही.

तुझा,
दादा