मयताला कुणी जायचं

१९ ऑक्टो., निडी
कातकरी वाडीत बैठक. गेल्या हंगामात आम्ही वीटभट्टीवरून सोडवून आणलेली सगळी घरं आली. वाडीची पुढारी सोमी, तिने आधी सगळ्यांना मांडी घालून बसवलं. "शेठपुढं उकिडवं बसायचात तसं नाय. हितं कोण शेठ हाय?" पोसा म्हातारा : "गुडघं ऐकत नाय गो. त्यांची उचल अजून फिटली नाय." हशा.
ठराव : पुन्हा शेठकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन भट्टीवर जाईल, त्याच्याकडे लग्नाला वाडी जाणार नाही. सोमी सांगत होती, मी लिहीत होते. 'लग्नाला' लिहिलं आणि हात पुढे गेला : 'लग्नाला-मयताला'. आमच्या घरात वाळीत टाकायची भाषा हीच. वाचून दाखवलं. सोमी जरा थांबली. मग पहिला अंगठा तिचा.

४ नोव्हें., पेण
सोमीचा फोन. तिचा धाकटा भाऊ रामा बायकोला घेऊन भट्टीवर गेला. पहाटेच टेम्पोत बसला. "मला बोलला असता तं..."

२१ नोव्हें.
रामाची बायको चंद्री गेली. ताप. भट्टीवरच. दवाखान्यात नेलंच नाही.

२२ नोव्हें., निडी
पहिल्या गाडीने गेले. प्रेत रामाच्या झोपडीपुढे. दारादारांत माणसं उभी, कुणी बाहेर येत नाही. सोमीही नाही. तिच्या दाराशी जाऊन म्हटलं, मयताचं मी घातलं, चूक माझी, पान फाडते.
"लिवलंत तुमी. आंगठा माजा हाय. भाऊ म्हणून मोडला तं उद्या कोण पाळंल?"
दुपारी भट्टीवाला आला. कापड, हार, चार गडी. खांदा त्यांनीच दिला. शेठ चपला काढून मागून चालला. वाडी बघत राहिली. सोमीने पदराचा बोळा तोंडात धरला होता.
आमच्या आजोबांच्या शेतावर सोमीचा आजा वेठीला होता. तिला माहीत आहे. कधी काढत नाही.

३० नोव्हें., निडी
बैठक. माणसं निम्मी. रामा नाही. सोमी म्हणाली, "ठराव वाचा, बाई." 'लग्नाला'पाशी थांबले.
"फुडचं वाचा."
वाचलं.
पोसा खाली बघत म्हणाला, "आमची तीन घरं सोमवारी जातात. मेलो तं शेठ तरी येल."
सोमी उठली, रामाच्या दाराशी गेली. "रामा, मी हाय रं." कडी आतून. पुन्हा हाक. मग तिथेच बसली.
गाडीसाठी निघाले तेव्हाही बसलेलीच. सोमवार परवा.