सेव्ह झालं

२ फेब्रुवारी
गावच्या स्की-शर्यतीचे निकाल यंदा माझ्याकडे. क्लबमध्ये कॉम्प्युटर कळणारा दुसरा आहे कोण? रायलीला सांगितलं. बायको म्हणून आनंद व्हायला हवा होता. तिने विचारलं, लाकडं फोडलीस का. म्हटलं, झालं. (उद्या फोडतो.)

५ फेब्रुवारी
उत्तर फिनलंडात एवढा संथ कॉम्प्युटर दुसरा नसेल. एकेक नोंद डिस्कवर लिहीत बसतो. सेटिंगमध्ये घुसून 'राइट कॅशिंग' चालू केलं. आता नोंद नुसती मेमरीत ठेवतो, लगेच 'सेव्ह झालं' म्हणतो आणि डिस्कवर सवडीने लिहितो. खाली इशारा होता: वीज गेली तर डेटा जाईल. असले इशारे नवशिक्यांसाठी असतात.

९ फेब्रुवारी
यूपीएस सारखा कुंई कुंई करतोय. बॅटरी मेली. नवी मागवायची. शिवाय सौनाची, म्हणजे वाफारा घ्यायच्या खोलीची भट्टी आणि कॉफीचा मोठा बंब एकदम लावले की क्लबचा फ्यूज उडतो, म्हणून भट्टीच्या बटणावर चिठ्ठी डकवायची. सेक्रेटरी ओइवाने दोन्हींबद्दल विचारलं. झालं म्हणून सांगितलं. कुणाला उगाच काळजीत कशाला ठेवा?
यूपीएसचा आवाज बंद केला. बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी, सकाळ
शर्यतीचा दिवस. बॅटरी राहिली. चिठ्ठीही. पण आभाळ निरभ्र आहे, वीज जायचं कारणच नाही.
हेल्वीताई येऊन गेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यामुळे ही शेवटची शर्यत. जन्मभर धाकट्या बहिणीच्या मागे राहिल्या. म्हणाल्या, बाबा रे, हरले तरी चालेल, पण माझी वेळ तेवढी नीट लिही.

१५ फेब्रुवारी, दुपार
हेल्वीताई जिंकल्या! दोन सेकंदांनी! एकेकीला अंतर ठेवून सोडतात, त्यामुळे कोण जिंकलं ते फक्त कॉम्प्युटरला कळतं. आणि मला. स्क्रीनवर 'सेव्ह झालं' आलं. बाई रडल्याच. धाकट्या औनेताई म्हणाल्या, कागदावर दाखव, मग मानेन. म्हटलं, आत्ता छापतो. आनंदाच्या भरात आधी जाऊन सौना लावला.
बंब चालूच होता.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
ओइवाने फ्यूज बदलला. फाईल आहे, आत काही नाही. या कॉम्प्युटरला काय म्हणावं! तोंडावर 'झालं' म्हणायचं आणि केलेलं काहीच नसायचं! अशावर विश्वास ठेवायचा कसा? रायलीलाही हेच म्हणालो. तिने घरातच कोट चढवला. घर गार पडलंय. लाकडं नाहीत.

१७ फेब्रुवारी
समितीने निकाल रद्द केला. कप गेल्या वर्षीच्या विजेतीकडेच, म्हणजे औनेताईंकडे. हेल्वीताई जिंकल्याचं मी शपथेवर सांगितलं. ओइवा म्हणाला, बॅटरीचंही असंच सांगितलं होतंस. लोक किती मनात धरून ठेवतात.

१९ फेब्रुवारी
हेल्वीताईंकडे गेलो. मनापासून माफी मागितली. त्यांनीही मोठ्या मनाने माफ केलं. झालं.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
कोट घालून निघणारच होतो. रायली म्हणाली, काढ तो. हेल्वीताई दुपारच्या बसने हॉस्पिटलला गेल्या. मी माफी मागायला येतोय असं तिनेच त्यांना सकाळी कळवलं होतं. बसची वेळ होईपर्यंत दाराशी उभ्या होत्या म्हणे.