प्रार्थनेचा विषय

३ फेब्रुवारी, सोमवार

आज संत्र्याला इंजेक्शन द्यायला शिकवलं. माझी सुई आरपार गेली ती थेट बोटात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशंट वाचला, नर्स गेली!" सगळे हसले. मीही हसले. न हसून सांगते कुणाला! मग उच्चारांचा तास. तिकडच्या भाषेतला तो एक आवाज घसा खरवडून काढायचा. मला जमतो, ह्यांना जमत नाही. संध्याकाळी घसा बसला तो मात्र माझाच.

ह्या प्रशिक्षणाला येऊन दहा महिने झाले. परदेशी जाऊन सुवार्ता सांगायची तर सगळं यावं लागतं म्हणे—सुई टोचणं, टायर बदलणं, केस कापणं. एका खोलीत तीन माणसांनी एकमेकांच्या अंगावर धावून न जाता राहायचं कसं, ह्याचा तास काही वेळापत्रकात नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

टिमकी दहा वर्षांची झाली. नाव शोभतं कार्टीला, सकाळपासून वाजतेय!

दहा पूर्ण झालेल्या मुलांना तिकडे नेता येत नाही. शाळाच नाही तिथे. म्हणजे जूनपासून लेक इथे वसतिगृहात आणि आम्ही समुद्रापार. वर्षातून एकदा भेट. हे म्हणाले, "देव सांभाळील तिला." सांभाळील हो. पण वेणी कोण घालील?

८ फेब्रुवारी, शनिवार

सासूबाईंचा फोन. "अगं, ह्याला खरंच देवाचं बोलावणं आलंय का?" म्हटलं, "हो, म्हणतात तसं." तर म्हणाल्या, "आमच्या वेळी बोलावणं आलं की माणूस बॅग भरत नसे. सरळ जायचा!" फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ हसत होते. मग हसू गेलं.

बोलावणं आलं ते ह्यांना. मी म्हणजे सुईमागचा दोरा. फॉर्मवर दोघांच्या पाचारणाबद्दल एक एक पान लिहायचं होतं. माझंही ह्यांनीच लिहिलं. छान लिहिलंय. वाचून मलाच भरून आलं होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

कपडे वाळत घालताना शेजारच्या खोलीतल्या नर्सताईपाशी बोलून गेले. तीही आमच्याच तुकडीत शिकतेय. म्हटलं, "मला जायचं नाही गं. टिमकीला टाकून नाही जायचं." तिने ओल्या हातांनी माझा हात धरला. "माझ्यापाशीच राहील हे." बरं वाटलं. फार दिवसांनी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

राहिलं नाही!

सकाळची प्रार्थना. मी सोडून चाळीस माणसं, डोळे मिटलेले. ज्याला जो विषय सुचेल त्याने तो मांडायचा. कुणी पाऊस मागितला, कुणी व्हिसा. मग नर्सताईचा आवाज—"हे प्रभू, आमच्या एका भगिनीचं मन डळमळतंय. लेकीला सोडून जायला ती तयार नाही. तिला बळ दे." नाव घेतलं नाही, केवढे उपकार! दहा वर्षांची लेक असलेली भगिनी इथे एकच आहे. सगळे म्हणाले, "आमेन." हेही म्हणाले, चांगलं खणखणीत. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

नंतर तिला जिन्यात गाठलं. तिचे डोळे भरले. "अगं, मी कुणाला सांगितलं? देवालाच तर सांगितलं!" मनापासून म्हणत होती. आता ह्यावर भांडायचं तरी कसं?

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज एकोणचाळीस जणांनी विचारलं, "कशा आहात?" चाळिसावा बोलत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

केस कापायचा तास. ज्याने त्याने आपल्या जोडीदाराचेच कापायचे. हे खुर्चीवर, मान माझ्या हातात. अर्धं डोकं झाल्यावर एकदाचे बोलले. "आधी मला सांगायचंस."

"विचारलंत कधी?"

"सही तर केलीस."

"तुम्ही कागद पुढे केलात, मी सही केली. दुधाच्या पावतीवर करते तशी."

डाव्या कानामागे जरा जास्तच कापलं गेलं. मुद्दाम नाही—नाहीच मुद्दाम! मान किती बारीक झालीय ह्यांची. राग गेला नाही, पण दया आली. केस झाडून दिले, तर "असू दे" म्हणून उठले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संस्थेच्या मोठ्या पाळकसाहेबांनी टिमकीला एकटीला बोलावलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. मी मनात म्हणत होते, रड गं बाई, चांगलं भोकाड पसर!

बाहेर आली ती नाचतच. "मी सांगितलं, मला चालेल वसतिगृह! खिडकीजवळची कॉट मिळणार आहे. आणि तिथे मुली रात्रंदिवस गप्पा मारतात!" हे तिला जवळ घेऊन हसले. खोलीकडे येताना तिने माझा पदर ओढला. हळूच म्हणाली, "आई, तुला जायचं नसेल तर तुझं तू सांग ना. माझं नाव कशाला?"

पोरीने कान उपटले माझे. लाज वाटली, कारण खरं बोलली. टिमकी नसती तरी मला जायचं नव्हतंच. मी दमलेय. शिकून नाही, होकार देऊन देऊन दमलेय. लिहिलं एकदाचं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पाळकसाहेबांनी विचारलं, "लेकीची तर हरकत नाही. मग अडचण काय?" म्हटलं, "मी. मला नाही जायचं. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी." शब्द सगळे आले. ते ह्यांच्याकडे वळले. मला वाटलं होतं, हे थांबतील.

"मी जाणार."

"एकट्याने जायचं तर सलग चार वर्षं. मध्ये सुट्टी नाही."

"ठाऊक आहे," हे म्हणाले. "नियम वाचलाय मी. डिसेंबरातच."

खोलीवर आले, आडवी झाले. रडू येईल म्हणून वाट पाहिली. झोप आली. चार तास गाढ झोपले.