बरोबर उत्तराचा आवाज

बजाजनगर,
छत्रपती संभाजीनगर

प्रिय तनुजा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. मला प्रोग्राम लिहिता येतात, पत्रं नाही. तेव्हा जसं घडलं तसंच सांगते.

शाळा सुरू झाली. तुझ्या वर्गाला अजून शिक्षिका मिळालेली नाही. मी टॅब दुरुस्त करायला आले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "तोवर जरा वर्गात बसा," आणि मी बसले. मुलांना न ओरडता जागेवर कसं आणायचं ते मला जमत नाही. तू काय करायचीस, ते आठवून बघते.

सत्यम येतो. मार्चच्या पालकसभेत टॅबवरच्या धड्यांचा निकाल दाखवताना पडद्यावर त्याच्या नावापुढे आलेलं शून्य तू विसरली नसशील. त्याचे वडील गोकुळभाऊ सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मग दोन वर्सं काय शिकवलं म्याडम?" दुसऱ्या दिवशी तू राजीनामा ठेवलास आणि देवगाव रंगारीला माहेरी निघून गेलीस. "मला हे काम येत नाही, अश्लेषा," एवढंच म्हणालीस.

दहा-बारा दिवसांपूर्वी गोकुळभाऊ त्याचं नाव शाळेतून काढायला आले. शेंद्र्याला आजीजवळ ठेवणार होते. मी आठवडाभर मागून घेतला आणि सत्यमशेजारी बसून राहिले. टॅबवर प्रत्येक प्रश्नाला चार चित्रं, त्यातलं एक बरोबर. डोळे मिटून दाबलं तरी कधीतरी बरोबर यायला हवं. याचं एकदाही येईना. ते मला पटेना, म्हणून पडदा सोडून त्याचं बोट बघू लागले. यंत्रानं "चप्पल कुठे आहे?" विचारलं की बोट थेट चपलेकडे जायचं, टेकण्याआधी थांबायचं आणि शेजारच्या केळ्यावर पडायचं. मग टॅबमधून तू म्हणायचीस, "असू दे राजा, परत बघू." आणि तो टॅबला गाल लावायचा.

सगळे प्रश्न यंत्राच्या आवाजात आहेत. चुकल्यावर मात्र माणसानंच बोलायला हवं, हा तुझा हट्ट. शाळेच्या स्वयंपाकघरात दार लावून, कुकर गप्प व्हायची वाट बघत आपण ते एक वाक्य रेकॉर्ड केलं होतं. बरोबर उत्तराला मी टाळ्या ठेवल्या. सगळ्यांना टाळ्या आवडतात असं मी धरून चालले होते.

त्याच्या टॅबवरून मी टाळ्या काढल्या, तुझं वाक्य बरोबर उत्तराला लावलं, आणि चुकीला नुसती शांतता ठेवली. त्यानं केळं दाबलं. टॅब गप्प. पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे रागानं पाहिलं आणि चपलेवर बोट ठेवलं. मग कंगवा, मग तांब्या, मग बस. शनिवारी गोकुळभाऊ आपल्या आईला, साळूबाईंना, घेऊन आले. त्यांच्यासमोर त्यानं सबंध धडा केला. गोकुळभाऊंनी टॅब हातात घेऊन मागून-पुढून पाहिला. "याला येत व्हतं? मग दावत का नव्हता?" साळूबाई म्हणाल्या, "तुझ्यावरच गेलंय. लई बेरकी हाय. तू तरी कुठं सरळ सांगत व्हतास?" नाव काढायचं राहिलं. जाताना गोकुळभाऊंनी चपला घालता घालता विचारलं, "त्या म्याडम कुठं असत्यात आता?"

आता अडचण अशी आहे. सत्यम बरोबर उत्तर देतो आणि तू त्याची समजूत काढतेस. हे बरोबर नाही. मी यंत्राच्या आवाजात "शाब्बास" लावून पाहिलं. त्यानं टॅब उलटा ठेवला. माझ्या आवाजात लावलं, तेव्हा तर टॅबवर दप्तरच ठेवलं. म्हणून हे पत्र. तुझा "शाब्बास" हवा आहे. फोनवर रेकॉर्ड करून पाठवलास तरी चालेल, कामापुरता होईल. पण तू ये. स्वयंपाकघर दुपारी मोकळं असतं. तुझी खुर्चीही मोकळीच आहे. मी बाकावर बसते. बाकीच्या टॅबवर चुकीला अजून तुझंच वाक्य आहे. ते तपासताना चुकीचं उत्तर मला एकदाच दाबायचं असतं. मी त्याहून जास्त वेळा दाबते.

वाट बघणारी, तुझीच,
अश्लेषा