मिश्री पाठवू नकोस

केदारखेडा,
रविवार

ती. अक्कास,

धाकट्या सुरेखाचा शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून न वाकता कागदावरूनच घे.) दाजींचा गुडघा कसा आहे? फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुला ठाऊकच आहे, दर शनिवारी अंगणवाडीत मी मोठ्या मुलींचा वर्ग घेते. व्यसन लागू नये म्हणून मनाला कसं आवरायचं, हा विषय. मोबाइल, गुटखा, सगळ्यावर बोलते. ओढ लागली की दहा मिनिटं थांबा, पाणी प्या, दुसऱ्या कामाला लागा, असं फळ्यावर लिहून देते. (हसू नकोस.) एकदा शीतल नावाची पोरगी उठून म्हणाली, "ताई, मिश्री बी त्यातच येती का?" मी म्हटलं, ती दात घासायला असते. सगळ्या पोरी हसल्या. आपली प्रीती तेवढी हसली नाही.

मागच्या पंधरवड्यात प्रीतीच्या कंपासपेटीत पुडी सापडली. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड मी नाही ओळखणार तर कोण ओळखणार? दोन ठेवून दिल्या. नववीतली पोर, रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "मी थांबते गं दहा मिनिटं. रोज थांबते. पण मंग तुझी डबी समोरच असती." अक्का, धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. सातवीत तिची दाढ ठणकत होती तेव्हा चिमूटभर मिश्री मीच लावली होती, या बोटानं. तिची सुरुवात तिथूनच.

त्याच दिवशी तिच्यादेखत डबी उकिरड्यावर भिरकावली. चार वाजेपर्यंत माझं डोकं फुटायची वेळ आली. काठी घेऊन उकिरडा उकरत होते, तर शेजारच्या चतुराबाई आल्या. काय हरवलं म्हणाल्या. मी म्हटलं, जोडवं. बाई इतकी भली, की पदर खोचून तीही उकरायला लागली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "जोडवं न्हाई घावलं, पण तुमची मिश्रीची डबी घावली बघा!" प्रीती दारातच उभी होती. आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

तेव्हापासून तिनं हात लावलेला नाही. आज अकरा दिवस झाले. चिडते, जेवत नाही, पुस्तक पुढ्यात घेऊन एकच पान तासभर बघत बसते. पण थांबते. माझे दिवस विचारू नकोस. लोकांच्या पोरींना शिकवते आणि स्वतःच्या पोरीला मीच व्यसन लावलं, हे मला सोसत नाही गं.

तुझी,
सुरेखा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. दर महिन्याला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती तू अंबडहून मिश्री भाजून पाठवतेस, ती बंद कर. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.

ता. क. २. या महिन्याची भाजून झालीच असेल तर टाकू नकोस. घरी नको, अंगणवाडीत पोचती कर. थोडीच.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आत प्रीतीनं पत्र वाचलं. मी पेन तिच्यापुढं धरलं, म्हटलं, तो दुसरा ता. क. खोडून टाक. तिनं पेन माझ्याच हातात परत दिलं. म्हणाली, "ते तुलाच खोडावं लागंल, आई." अक्का, त्या ओळी तुला वाचता आल्या, तर मला आज जमलं नाही असं समज.