अव्नेरसाठी उघडं ठेवलेलं दार

सोमवार, १३ सप्टें. ९९
कारखान्यात नवा सर्व्हर आला. दोन हजार साल लागायच्या आत लाद्यांच्या साठ्याचा सगळा डेटा जुन्या मशीनवरून त्यावर उतरवायचा. मॅनेजर म्हणाला, "शमुवेल, किपूरच्या उपासाच्या सुट्टीत उरकून टाक. आणि या वेळी नीट."
या वेळी. दोन वर्षं झाली तरी तेच. मागच्या खेपेला सगळ्यांना बजावलं होतं की डेटा उतरत असताना जुन्यात कोणी काही लिहू नका, लिहाल ते मागे राहील. गोडाऊनचा मुख्य अव्नेर लिहीत बसला. ट्रकभर माल दोनदा गेला. वर जाऊन त्याने सांगितलं, होदी झोपला होता. होदी म्हणजे हिंदुस्थानी, म्हणजे मी. अठ्ठावीस वर्षं इस्राएलात, अजून होदीच.
कॉम्प्युटर रूमची किल्ली माझ्याकडून गेली. आता ती अव्नेरच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. रोज सकाळी मागायची. तो फोनवर असला की उभं राहायचं.

मंगळ. १४
मीटिंग. मी सांगितलं: रविवारी दुपारी सगळ्यांना कुलूप लावतो. वाचता येईल, लिहिता येणार नाही. मंगळवारी सकाळी नवा सर्व्हर चालू, मग हवं तेवढं लिहा.
अव्नेर: "माझं उघडं ठेव. उपास सुटला की माझी पाळी लागते, ट्रक भरायचे असतात."
तोंडाशी आलं होतं, अरे, सगळं वाहून जाईल. गिळलं.
"बेसेदेर, ठीक आहे," म्हटलं. "तू सांगतोस तर ठेवतो."
चारचौघांनी ऐकलं. मागच्या वेळचं स्वतःचं खोटं त्याला आता खरंच वाटायला लागलंय, त्याला वाटतं घोळ माझाच होता. म्हणून त्याला भीती नाही. जुन्या मशीनला नाव लिहून ठेवायची सोय नव्हती. आता मी ती केलीय. कोण आत आला, कधी लिहिलं, नोंद राहते. या वेळी त्याचं लिहिणं जाईल आणि नाव तेवढं उरेल.

बुध. १५
सकाळी किल्ली मागायला गेलो. "घे रे होदी, खाऊन टाकू नकोस." दोघं-तिघं हसले. मीही हसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा मनापासून.
घरी एस्तेर म्हणाली, "अहो, भात सांडतोय. कसल्या विचारात आहात?"
चांगल्या, म्हटलं.

गुरु. १६
कारखान्यात जाताना येरुहामच्या बसमध्ये शोशना शेजारी बसली. आपलीच, अलिबागकडच्यांची मुलगी, गोडाऊनमध्ये क्लार्क. मराठी अर्धी बोलते, अर्धी हिब्रूत सोडून देते.
"शमुवेलदादा, किपूर सुटला की रात्री मलाच यायचंय. टाइप करायला."
"अव्नेर करणार ना?"
"नू, अव्नेर कधी टाइप करतो? पासवर्ड त्याचा, बोटं माझी."
मागच्या वेळी कोण होतं, विचारलं.
"मीच. तो मागे उभा होता. म्हणाला, लिही, होदीचं काय ऐकतेस. नंतर म्हणाला, बोललीस तर घरी बसशील. दादा, दोन पोरं आहेत मला."
तिच्यावर रागावता आलं नाही. त्याच्यावरचा दुप्पट झाला.
पण आता नाव त्याचं राहिलं तरी तो म्हणणार, मी नव्हतो, ही होती. खोटंही नाही ते.

शुक्र. १७
सकाळी सिनेगॉगमध्ये क्षमेच्या प्रार्थना. ओठ हलत होते. मनात अव्नेर मॅनेजरसमोर मान खाली घालून उभा होता. हटेना. हटवलाही नाही.

रवि. १९, दुपार
कुलपं लावली. एक सोडून.
जायच्या आधी अव्नेर टेबलाटेबलाशी जाऊन माफी मागत होता, सणाची रीत म्हणून. माझ्याशी आला. हातात गाडीची किल्ली. "शमुवेल, वर्षभरात काही झालं असेल तर माफ कर."
"काय झालं?"
"असंच रे. जे काय असेल ते."
"नाव घेऊन सांग. मग करतो."
हसला. "बायको वाट बघतेय." पुढच्या टेबलाकडे गेला.
म्हणजे माफ करणं माझ्या अंगावर राहिलं नाही. तो मागायला आला, पण त्याने मागितलं नाही.
शोशनाला बाजूला घेतलं. "उद्या रात्री येऊ नकोस. पोट दुखतंय सांग."
"का दादा?"
सांगितलं नाही.
एस्तेर पुऱ्या तळतेय. गावी बाप या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणायचा. सूर्य बुडायच्या आत दार लावायचं, मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत उघडायचं नाही. पण त्याआधी, वर्षभर ज्याच्याशी बोलणं बंद, त्याच्या अंगणात तो जाऊन यायचा. एकदा वाडीच्या कुंपणावरून चुलत्याशी वाजलं होतं. चूक चुलत्याची. तरी गेला. काय बोलला कळलं नाही. परत आला, पाय धुतले, दार लावलं.
लिहिणं पुरे. सूर्य

सोम. २०, उपास सुटल्यावर
दिवसभर उभा होतो. शेवटच्या प्रार्थनेला, स्वर्गाची फाटकं मिटतात म्हणतात तेव्हा, एकच डोक्यात: मी एक उघडं ठेवून आलोय. आणि तो त्यातून आत जावा, अशी इच्छा होती. अजून आहे.
घरी मनुक्यांचं शरबत घेतलं, तोच फोन. शोशना.
"दादा, पोट दुखतं सांगितलं. तो म्हणतो, गोळी घे आणि ये. ट्रक लागलेत. तुम्ही काल असं का म्हणालात? जाऊ की नको?"
"पाच मिनिटांनी सांगतो," म्हटलं आणि हे लिहायला बसलोय.
जाऊ नको म्हटलं तर तिची नोकरी. जा म्हटलं तरी बहुधा तिचीच. अव्नेरला फोन करून सांगितलं, लिहू नकोस, तर तो सुटला, आणि वर विचारील, आधी का नाही बोललास होदी. स्वतः जाऊन कुलूप लावावं तर कॉम्प्युटर रूमची किल्ली त्याच्या खिळ्याला. त्याच्यासमोर उभं राहून मागावी लागेल.
एस्तेर म्हणते, "अहो, उपासाचे कापडी बूट काढा तरी आता."
काढले नाहीत. कारखान्यावरून जाणारी बेर्शेबाची बस खाली येऊन थांबलीय, इंजिन चालू आहे. मेला, त्याने नाव घेऊन मागितली असती तर मी